फोटो लिहून पाठव

माझ्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या बोळिंजात दुसरा नसेल. असलाच तर तोही माझ्याच वाट्याला येईल, असं आमचं नशीब. सारी नोकरी कॉम्प्युटर विभागात काढलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही हे ईमेल वाचणार ते टर्मिनलवरच. काळा पडदा, पांढरी अक्षरं. माउस नाही, रंग नाही, चित्र नाही. एक कळ दाबली की पुढचं पत्र, दुसरी दाबली की पत्र कचऱ्यात. "ईमेल वाचायचं असतं हो, बघायचं नसतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकदा सोसायटीने पाणी बंद असल्याची सूचना चित्र करून पाठवली. यांच्या पडद्यावर ती उमटलीच नाही. डोक्याला साबण फासून साडू टॉवेलवर आमच्या दारात हजर! मी पोट धरून हसलो, तर मलाच सुनावलं, "दोन शब्दांची गोष्ट. तिला चित्र कशाला लागतं?" आणि आमचीच भरलेली बादली उचलून तरातरा वर गेले.

त्यांची लेक कॅनडात. ती नातवाचे फोटो पाठवायची, तर हे उत्तर धाडायचे, "मजकूर नाही. फोटो लिहून पाठव." बिचारी लिहायला लागली, तेही इंग्रजी लिपीतून मराठी, कारण त्या पडद्यावर आपली जोडाक्षरं फुटतात. 'बाबा, पिल्लू बर्फात बसलंय. एका पायात बूट आहे, दुसरा कुत्र्याच्या तोंडात.' साडू मला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. मला मात्र राग यायचा. अहो, पोरीला किती राबवावं माणसाने!

एक दिवस दारावर येणारी अर्नाळ्याची कोळीण हळूच म्हणाली, "भाऊ, तुमच्या साडूंना नीट दिसत नाय. पापलेट म्हनून काळा हलवा मासा उचलला. मी सांगितलं, तर माझ्यावरच डाफरले."

तसाच वर गेलो. पडद्यावर अक्षरं एवढाली केलेली, ओळीत जेमतेम चार शब्द. काचबिंदू. काळ्यावरचं पांढरं तेवढं कळत होतं. फोटो म्हणजे नुसतं धुकं. "तिला कळवू नका," माझा हात घट्ट धरून म्हणाले. "सगळं टाकून येईल, नाहीतर मला उचलून नेईल. ही याच घरातून गेली. मीही इथूनच जाणार." मेव्हणीचं नाव निघालं आणि मी कबूल करून बसलो.

पुढे ती मोठी अक्षरंही दिसेनाशी झाली. मग मी रोज वर जाऊन पत्रं वाचू लागलो. उत्तर ते सांगायचे, मी टाइप करायचो. "तुमची भाषा घुसडू नका, ती ओळखेल," असा वर दम. आंधळा झाला तरी माणसाचा तोरा काही जाईना, आणि त्या तोऱ्यावरच माझा जीव जडला होता.

यंदा लेक न कळवता आली. नातू दारात उभा. "अहो, नातू आलाय!" मी ओरडलो. साडू लगबगीने उठले, "अरे वा, केवढा उंच झालास!" म्हणाले, आणि बघत होते माझ्याकडे.

लेक जागच्या जागी थिजली. पोरगं आपणहून आजोबांच्या पुढ्यात जाऊन उभं राहिलं. साडूंनी त्याच्या केसांवरून, कपाळावरून, नाकावरून बोटं फिरवली. हनुवटीवर थांबले.

"ही खळी तुझ्या आईची," ते लेकीला म्हणाले. "एवढे फोटो लिहिलेस, ही कधी लिहिली नाहीस गं?"

"म्हटलं, तेवढी तरी तुम्ही स्वतः बघाल," ती कशीबशी बोलली.

साडूंचा हात तिथून निघेना.

"बघितली की," ते म्हणाले.