अर्ध्या पाकिटावरून शोध

लातूरच्या एमआयडीसीत जिवाणू खतं बनवणाऱ्या कंपनीत मी सव्वीस वर्षं पाकिटं भरली, त्यांवर शिक्के मारले, गाड्या भरल्या. निवृत्त झाल्यावर मालक सोमेश साहेबांनी महिनाभरासाठी परत बोलावलं. कारण धम्मप्रिया.

पोरगी हदगावची, नांदेडला कॉम्प्युटर शिकलेली. कंपनीचा सगळा माल इंटरनेटवर चढवायचा आणि दुकानदाराने मोबाईलवर शोधला की सापडला पाहिजे, हे तिचं काम. माल एकशे चौऱ्याऐंशी प्रकारचा. पेरणीआधी हे चाललं तर तिची नोकरी पक्की. नाही तर काम पुण्याच्या कंपनीला.

"जय भीम, मामा," पहिल्या दिवशी म्हणाली. "मला प्रत्येक पाकीट हातात पाहिजे. यादीवर भरवसा नाही."

मी फळीवरून काढायचो. ती वाचून टाइप करायची, मग पुन्हा पाकिटाशी ताडून बघायची. अडीच आठवडे गेले.

पहिली चाचणी देवणीला, शिल्पाताईंच्या कृषी केंद्रात. साहेबही आले. सटवाजी नावाच्या शेतकऱ्याने खिशातून मागल्या साली वापरलेलं पाकीट काढलं.

"हेच द्या."

पाकीट अर्धंच होतं. वरचा भाग विळ्याने कापून टाकलेला. नाव आम्ही वरच छापतो.

"काका, नाव काय होतं?" धम्मप्रियाने विचारलं.

"नाव वाचून खत लावतंय का कुणी? सोयाबीनचं हाय. लई चांगलं लागलं."

शिल्पाताईंनी मोबाईलवर 'सोयाबीन' टाकलं. एकोणीस नावं आली.

"एकोणीस पाकिटं काढून दाखवू का, ताई? तोवर पेरणी उरकंल यांची," शिल्पाताई धम्मप्रियाला म्हणाल्या.

सटवाजी तुकडा खिशात घालून उठले. साहेब म्हणाले, "पुण्याला फोन लावतो."

"आठ दिवस द्या, साहेब." तिचा आवाज चढला नाही, पडलाही नाही. साहेबांनी दिले.

परतताना तिने विचारलं, "मामा, खालच्या भागात काय उरतं?"

"पिकाचं चित्र, रंगाचा पट्टा, बॅच नंबर. बॅचची पहिली दोन अक्षरं दर मालाची वेगळी."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक असतं."

चूक माझीही होती.

दुसऱ्या दिवशी तिने कात्री काढली. मी विळा दिला. कात्री सरळ चालते, शेतकरी तिरकं कापतो. एकशे चौऱ्याऐंशी पाकिटं कापली. उरलेल्या तुकड्यावर जे दिसतं, ते प्रत्येक मालापुढे भरलं. पण तेवीस मालांचा बॅचचा शिक्का वर होता, तो कापण्यात गेला. त्यांच्या रंगांना गिऱ्हाईक काय म्हणतं, ते तिने शिल्पाताईंना फोनवर विचारलं. 'जांभळाचं' की 'मेंदीचं', तेच लिहिलं.

आठव्या दिवशी देवणी. सटवाजींना निरोप धाडला होता. तोच तुकडा. शिल्पाताईंनी बॅचची पहिली दोन अक्षरं टाकली. एकच नाव आलं. त्यांनी फळीवरून पाकीट काढून दिलं. सटवाजींनी दोन्हींचे खालचे भाग शेजारी धरून निरखले. घाई केली नाही.

"हाव. हेच."

"पुण्याला नको म्हणून कळवतो," साहेब म्हणाले. "सोमवारी कार्यालयातून नेमणुकीचा कागद घे."

"घेते. पण साहेब, त्या तेवीस मालांचा शिक्का खाली मारायला सांगा. रंगावर किती दिवस चालवायचं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा महिना शनिवारी संपत होता.

सोमवारी सकाळी आठला मी शिक्क्याच्या यंत्रावर होतो.