डोणीत ओतलेलं पाणी

आधी चूक सांगतो, मग अनुभव. नऊ वर्षांपूर्वी सांगोल्याच्या पलीकडल्या एका माळावर पवनचक्क्यांसाठी रस्त्याची आखणी मी केली. तिथे मेंढरांना पाणी पाजायची एक दगडी डोण होती, नेमकी रस्त्यात येणारी. रस्ता वळवायचा म्हणजे सगळा नकाशा पुन्हा काढायचा... मी डोणीपुढे ‘वापरात नाही’ असं लिहिलं आणि मोकळा झालो.

ती वापरात होती. मला ठाऊक होतं. मोजणीच्या दिवसांत बिरूआप्पा नावाच्या वयस्कर मेंढपाळांनीच ती मला दाखवली होती. माळावर विहीर नाही. म्हणून वर येणारा प्रत्येक जण आपल्याजवळचं पाणी आधी डोणीत ओतायचा, मग स्वतः प्यायचा. मी बाटली तोंडाला लावली तसं आप्पांनी मनगट धरलं.

“आदी डोणीत वत, सायब. मेंढरं काय बाटल्या घिऊन फिरत्यात व्हय?”

मी ओतलं.

“रस्ता हिच्यावरनं न्हाय ना जाणार?”

“नाही आप्पा,” मी म्हणालो.

रस्ता झाल्यावर त्यांनी दोनदा फोन केला. मी उचलला नाही.

आता अनुभव. भास, भुतं असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. आजही ठेवतो असं म्हणवत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोलापूरच्या ऑफिसनं सहल काढली — नव्या मंडळींना चालू पवनचक्की दाखवायला. नेमकी त्याच माळावर. आखणी माझी, म्हणून माहितीही मीच द्यायची. सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. सगळे सात नंबरच्या खांबाखाली माना वर करून फोटो काढत होते. पात्यांची सावली रस्त्यावरून सर्रकन जायची, पुन्हा यायची. मी बाजूला गेलो, जिथे डोण होती तिथे. आता तिथे नुसता रस्त्याचा मुरूम.

तहान लागली होती. बाटली उघडली... आणि कुणीतरी मनगट धरलं.

बिरूआप्पा. तोच फेटा, खांद्यावर तेच घोंगडं. “आदी डोणीत,” एवढंच म्हणाले. मला नवलसुद्धा वाटलं नाही — हेच आज कळत नाही. मी वाकून अख्खी बाटली रिकामी केली. पाणी मुरमात मुरलं नाही. साचत गेलं... लांबट, डोणीएवढ्याच जागेत.

“साहेब, पवनचक्कीला पाणी घालताय काय? अजून उंच व्हायला?” मागून आमचा ड्राफ्ट्समन मोमीन ओरडला. सगळे हसले.

मी वळून पाहिलं, पुन्हा इकडे पाहिलं. आप्पा नव्हते. उघडा माळ, ना झाड, ना आडोसा. पाणीही नव्हतं, फक्त ओल.

“ते आजोबा कुठे गेले रे?”

“कोण आजोबा? एकटेच हुबे होता की!” मोमीननं मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यात मी एकटाच होतो.

आप्पा वारले असणार, असंच मला वाटलं. त्यांची वस्ती माळाच्या पायथ्याशी. मोमीनला घेऊन तसाच खाली गेलो. दारात सून भेटली.

“मामंजी? हाईत की. पर कमरंतनं गेल्यात. दोन वरसं झाली, खाटंवरच हाईत. कुटं जायाचं त्यास्नी?”

मेलेला माणूस दिसला असता तर निदान त्या प्रकाराला काही नाव तरी देता आलं असतं. इथे तर आप्पा आत खाटेवर होते. वाळलेले, पण जिवंत. मला बघून म्हणाले, “समदीच बाटली वतलीस? घोटभर सोताला ठिवायचं की.”

मोमीनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. सून आमच्याकडे बघत राहिली. कसं कळलं, हे मी त्यांना विचारलं नाही. आजवर उत्तर सापडलेलं नाही, आणि सापडेल असं वाटतही नाही... त्या क्षणी मला एवढंच कळलं की हा माणूस नऊ वर्षं माझी वाट बघतोय.

मी खाटेजवळ जमिनीवर बसलो. “आप्पा, डोण वापरात नाही असं मीच लिहिलं. ठाऊक असून लिहिलं. तुमचे फोनही मुद्दाम उचलले नाहीत. माझं चुकलं. मला माफ करा.”