संदर्भसूचीत आई

माझी पत्नी जव्हारच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायची. तिथलंच ग्रंथालय मी सांभाळतो. तिला जाऊन आठ महिने झाले. तिच्याविषयी लिहायला बसलो की बारावीतल्या एका मुलीची प्रकल्पवही आधी आठवते.

मुलगी साखरशेतची, विषय नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. अक्षर सुरेख. चौथ्या पानावर, मजकुराच्या मधोमध, तितक्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं : 'हेही वाचा – उन्हाळी मूग लागवड'. मोबाइलवर दिसलं ते सगळं तिनं उतरवून काढलं होतं. प्राचार्यांनी वही नामंजूर केली. प्रकल्पाचे गुण नाहीत म्हणजे तिचं वर्ष अडकणार.

पत्नी तिला ग्रंथालयात घेऊन आली. दोघी माझ्या समोरच्या टेबलाशी बसल्या. पत्नीनं वहीतलं एक पान वाचलं.

"काय गं, ट्रॅक्टर कधी घेतलात? वर ठिबकसुद्धा! आम्हाला पेढे कुठे?"

मुलगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मॅडम, आमच्या उतारावर कुठला ट्रॅक्टर!"

"मग तसं का नाही लिहिलंस?"

"आमच्या घरचं कोण वहीत लिवतं? नेटवरचं कसं शुद्ध असतं."

पत्नीनं वही मिटली. या मुलांचं घरचं बोलणं दोन वर्षं आपणच वह्यांतून खोडत आलो, असं ती मला नंतर म्हणाली. तिनं प्राचार्यांकडून चार दिवस मागून घेतले. मुलीला सांगितलं, "आईला विचार. ती सांगेल ते लिही, आणि कुणी सांगितलं तेही लिही."

नवी वही आली. रोपांसाठी जमीन भाजायची, तो राब कसा रचायचा. आवणीला, म्हणजे उपटून शेतात लावताना, रोप केवढं झालेलं हवं. शेवटच्या पानावर : संदर्भ – माझी आई.

"मॅडम, आई हा कसला संदर्भ?" ग्रंथालयात येऊन वही चाळताना प्राचार्यांनी विचारलं.

"वेबसाइट लिहिली असती तर चाललं असतं ना, सर? ही बाई तर शेतात उभी असते."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "राबावर वरून माती कशाला घालतात?"

"भडकू नये म्हणून, सर. हळूहळू जळायला पाहिजे."

त्यांनी सही केली. माझ्या पत्नीला कधी पुरस्कार मिळाला नाही, पण त्या दुपारी तिच्या शेजारी उभं राहताना माझी मान ताठ होती.

मुलगी दारात घुटमळली. "मॅडम, वही दोन दिवस घरी नेऊ? आईला वाचून दाखवते."

सही झालेली वही बाहेर द्यायची नसते. पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकासारखी ती वही ग्रंथालयाच्या देवघेवीच्या रजिस्टरात मुलीच्या नावावर लिहिली आणि तिच्या हातात दिली.