सुभेदाराच्या शेपटीचा दोरा

उंब्रजच्या अलीकडच्या वस्तीवरची बनुबाई काळजाची कडक म्हणून ओळखली जायची. पण त्या दिवशी ती पार हवालदिल झाली होती. साल एकोणीसशे त्रेचाळीसचं. लेक कृष्णात लढाईवर परतताना कुत्र्याचं पिल्लू तिच्या पदरात टाकून गेला होता. आपण साधे शिपाई, निदान कुत्रं तरी सुभेदार असू दे, म्हणून त्यानं तेच नाव ठेवलं. तो सुभेदार तीन दिवस स्वतःचीच शेपटी चावत गरागरा फिरत होता आणि तोंड रक्तानं माखून घेत होता.

शेजारच्या नाथाजीनं ते तोंड बघितलं आणि पिल्लू पिसाळलंय असं ठरवून टाकलं. दिवस मावळायच्या आत बंदोबस्त कर, नाहीतर मीच काठी घेऊन येतो, असं तो बजावून गेला. त्याचंही चुकत नव्हतं. पिसाळलेल्या कुत्र्यापायी मागच्या साली त्याची म्हैस गेली होती.

बनुबाईनं त्या फिरत्या शेपटीवर वरवरच कडुलिंबाचं पाणी शिंपडलं, करंजाचं तेल ओतलं. सुभेदार तेल चाटायचा आणि पुन्हा चावायचा. मग तिनं जुन्या दुरडीचं बूड काढलं आणि ती त्याच्या गळ्यात अडकवली. आता तोंड शेपटीपर्यंत पोचेना. पिल्लू केविलवाणं ओरडत उभं राहिलं, तेव्हा कुठं तिला नीट बघता आलं.

सुजलेल्या शेपटीच्या केसांत काळा दोरा रुतला होता आणि त्यात बिब्बा. तिनंच बांधलेला. कृष्णात निघाला त्या सकाळी दृष्ट लागू नये म्हणून तिनं एकाच दोऱ्याचे दोन तुकडे केले होते. एक लेकाच्या दंडाला, दुसरा पिल्लाच्या शेपटीला. सुई तापवून बिब्बा ओवला, त्याचं तेल पाझरलं आणि कातडी भाजत गेली. करायला गेली राखण आणि झालं हे.

विळा हातात घेतला, पण हात पुढं होईना. दोरा एकच. इकडचा तोडला आणि तिकडं लेकाला काही झालं तर? ऊन भिंतीवरून उतरत होतं. नाथाजीच्या वहाणा वाजल्या, तशी तिनं डोळे मिटून दोरा तोडला.

"कुत्रं न्हाई पिसाळलं रं नाथाजी," ती म्हणाली, "मीच पिसाळली व्हती."

त्यानं बिब्बा बघितला आणि काठी खाली ठेवली.

शेपटी आठवड्यात भरून आली. बनुबाईला मात्र पुढचा महिनाभर घास गिळवेना. पोस्टमन दिसला की ती हातातलं काम टाकून अंगणात यायची. अखेर पत्र आलं. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. कृष्णात खुशाल होता. शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'आये, रागावू नगंस. बिब्ब्यानं दंडावर फोड आला, म्हणून तो दोरा आगगाडीतच काढून टाकला.'

बनुबाई मास्तरांसमोरच पदरात तोंड खुपसून रडली. मग घरी येऊन तिनं सुभेदाराला दूधभाकरी घातली आणि कितीतरी दिवसांनी स्वतःही जेवली.