सहावा मणी

ओडुमासे गावातल्या माकूला काचेची भुकटी साच्यात भरून मणी भाजायला आईने शिकवलं. लहानपणापासून माकूची हाडं ठणकत आणि ती मधूनमधून अंथरूण धरी. तरी बाजारात तिच्याच माळा आधी संपत.

बाप गेल्यावर महिन्याभरात आत्या अंगणात येऊन बसली.

"वहिनी, पोरीत हे नासकं रक्त तू आणलंस. माझ्या भावाच्या घरातून निघ आता."

आईची मान खाली गेली. माकूने आत्यापुढे निळ्या मण्यांचे दोन सर ठेवले. दोन्हींत सहावा मणी पिवळा होता.

"आत्या, आपल्या अंगातली जनुकांची अक्षरं वाचून शरीर रक्तातल्या प्रथिनाचे मणी ओवतं. माझ्यात एक अक्षर बदललंय, म्हणून सहाव्या जागी भलताच मणी येतो. तेवढ्याने रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि अडकते. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं."

"मग मी वेगळं काय म्हणतेय?"

"अर्धंच म्हणताय. असा भलत्या मण्याचा एकच सर असता तर मी ठणठणीत असते. मला दोन मिळाले, एक आईकडून, एक बाबांकडून. यातला आईचा ओळखा. तिचं बोचकं मीच बाहेर ठेवते."

नुसत्या मण्यावरून तो कुणी घडवला ते सांगणारी आत्या दोन्ही सर उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"दोन्ही सारखेच आहेत," ती शेवटी म्हणाली.

आई उठली आणि तिने भट्टीत लाकूड सारलं.