भोयर साहेबांचे वीस मुक्काम

आमच्या कंपनीची बस सकाळी सव्वासहाला हिंगण्याकडे सुटायची, म्हणजे सुटायला हवी असायची. ड्रायव्हर इंजिन चालू करून बसलेला आणि भोयर साहेब मधल्या वाटेत उभे राहून माणसं मोजत असायचे. बोट दाखवून नाही. प्रत्येक सीटच्या पाठीवर तळहात टेकवत ते शेवटपर्यंत जायचे आणि येताना पुन्हा मोजत यायचे. दोन्ही आकडे जुळले की म्हणायचे, "मुंड्या पुऱ्या झाल्या. हालव गा गाडी." नाही जुळले तर बस उभी. एकदा एक फिटर न सांगता घरी राहिला, तर साहेबांनी बस थांबवून त्याच्या घरी फोन लावला. त्याची बायको म्हणाली, ते झोपलेत. साहेब म्हणाले, "झोपू द्या ना बाप्पा, पण तसं सांगा लागते. इथं त्रेचाळीस जण त्याच्यासाठी जागून राहिले."

मी टाइम ऑफिसात त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं कारकून होते. हजेरी, पाळ्या, रजा, बसचे थांबे, सगळं त्यांच्याकडे. कामगार त्यांना मागून 'घड्याळ' म्हणायचे आणि ते त्यांना ठाऊक होतं. आता ते नाहीत. दीड वर्षापूर्वी घरीच, झोपेत गेले. त्यांच्यावर लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. पण माझ्या हातून त्यांचं एक नुकसान झालं, आणि ते करताना मला आपण फार शहाणे आहोत असं वाटत होतं. ते लिहून टाकावं म्हणते.

देवाधर्माशी साहेबांचं फारसं देणंघेणं नव्हतं. "मी देवाचा माणूस नोहो, मी वेळेचा माणूस आहो," असं ते सत्यनारायणाचा प्रसाद खाता खाता सांगायचे. नर्मदा परिक्रमेचं खूळ त्यांच्या बायकोचं, कुसुमकाकूंचं. नर्मदेला उजव्या हाताला ठेवून, तिचं पात्र न ओलांडता, एका काठानं जायचं आणि दुसऱ्या काठानं यायचं. पायी, पाच-सहा महिने. काकूंना गुडघे नीट असेपर्यंत ते उरकायचं होतं. साहेब निवृत्त झाले त्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "आता तुमची बस बंद झाली. आता माह्यासोबत पायी चला."

साहेब म्हणाले, "चालू. पण आधी मुक्काम सांग, मग पाय उचल."

त्यांच्या गल्लीतले एक गृहस्थ परिक्रमा करून आले होते. त्यांनी समजावलं की मुक्काम वगैरे ठरवायचा नसतो, संध्याकाळ झाली की जिथं असाल तिथं सोय होते, नर्मदा मैया सांभाळते. साहेबांना हा सरळ सरळ अपमान वाटला. मी तेव्हा कंपनी सोडून नागपुरातच सदर भागातल्या एका ऑफिसात लागले होते. जेवणाच्या सुट्टीत ते तिथं आले आणि खुर्ची ओढून म्हणाले, "मैया सांभाळते म्हणे. मैयाच्या हाती रजिस्टर आहे का वं?" त्यांनी पहिल्या वीस दिवसांचा तक्ता करायला घेतला. त्यांचं म्हणणं असं की नवा कामगार वीस दिवस टिकला की पुढे आपोआप टिकतो. जागा, अंतर, तिथल्या माणसाचं नाव, फोन, पाणी, संडास, एवढे रकाने आखले. कार्तिकी एकादशीनंतर जबलपूरच्या घाटावर संकल्प सोडायचा आणि पहिल्या दिवशी चौदा किलोमीटरच चालायचं. "पहिल्या दिवशी माणूस जास्त करते अन् दुसऱ्या दिवशी गैरहजर राहते," हा टाइम ऑफिसातला अनुभव.

पहिला फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला. पलीकडून आश्रमातल्या सेवकानं विचारलं, "कितनी मूर्ति हैं?"

साहेब गोंधळले. फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "हा मूर्त्या काहून विचारून राहिला?" आणि मग खणखणीत हिंदीत सांगितलं, "मूर्ति वगैरा कुछ नहीं ला रहे. हम खुदच आ रहे."

तिकडे परिक्रमेला निघालेल्या माणसाला मूर्ती म्हणतात, माणसं मोजायची ती मूर्तींमध्ये, हे त्या सेवकानं हसू आवरत समजावलं. साहेब खूश झाले. मोजणीला असा खास शब्द असलेलं खातं त्यांना आवडणारच. तक्त्यात आणखी एक रकाना पडला, 'मूर्ती', आणि त्यात वीस वेळा दोनचा आकडा. काकूंना हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस हसत होत्या. "इतक्या वर्षांत मले कोणी मूर्ती नाही म्हणलं," म्हणाल्या.

दर रविवारी सराव असायचा. काकू पाठीवर पाच किलो तुरीची डाळ बांधून कामठी रोडनं कन्हानपर्यंत चालायच्या आणि साहेब स्कूटरवर पुढे जाऊन चहाच्या टपरीवर घड्याळ बघत बसायचे. काकू घामाघूम होऊन आल्या की विचारायचे, "अकरा मिनिटं कुठं घालवली?" तिसऱ्या रविवारी काकू टपरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मैयाच्या काठानंही तुम्ही स्कूटरवर येनार का?" पुढच्या रविवारी साहेब पायी निघाले. सोमवारी सदरला लंगडत आले. वहीत नोंद होती, 'फोड – तीन. (कु. – नाही.)'

पोळ्याच्या आठवड्यात कुसुमकाकू गेल्या. सकाळी भाजीला फोडणी दिली, जरा बसते म्हणाल्या आणि बसल्या त्या उठल्याच नाहीत.

मी पोचले तेव्हा साहेब गॅलरीत खुर्चीवर बसले होते, शर्टाच्या खिशात पेन लावून. येणारे जाणारे विचारत होते, कसं काय झालं हो एकदम? साहेब प्रत्येकाला सांगत होते, "सात वाजून दहा मिनिटांनी तिनं फोडणी दिली. सव्वासातले मी आत गेलो." आणि थांबत होते. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. ऐकणारे आपणच ते मनात पुरं करून मान हलवायचे. हैदराबादच्या त्यांच्या मुलीला कळवायचं होतं. साहेबांनी फोन हातात घेतला, नंबर लावला आणि माझ्याकडे दिला. मी सांगितलं.

ते रडले नाहीत. तेरवी झाली, मुलगी परत गेली, आणि साहेब ठरल्या वेळी वही घेऊन सदरला यायला लागले. डबा उघडायचे, माझ्या पोळीतली अर्धी घ्यायचे, तक्ता काढायचे. वर्षाच्या आत तीर्थयात्रा करू नये असं नातेवाइकांनी सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "तारीख ठरली आहे." त्यांना बरं वाटतंय की वाईट, भूक लागते की नाही, काही कळायचं नाही. त्यांच्याशी बोलताना मीही तशीच होऊन जायचे, काही न वाटणारी. आम्ही दोघं मिळून अंतरं तपासायचो.

मूर्तींच्या रकान्यात दोनच होते. सामानाच्या यादीतही सगळं दोन-दोन. ताटल्या दोन, पेले दोन, चादरी दोन. एकदा मी धीर करून म्हणाले, "साहेब, दुसरी चादर काढा ना. वजन कायले न्यायचं?"

"राहू दे," ते म्हणाले. "थंडी असते तिकडं."

निघायला आठवडा राहिला तेव्हा मुलीचा मला फोन आला. ती म्हणाली, "ताई, बाबांनी तिथं कोणालाच कळवलं नाही. प्रत्येक ठिकाणी दोघांची वाट पाहतील, आई कुठं आहे विचारतील. बाबा काय सांगतील? त्यांना तर आमच्यासमोर पण ते उच्चारता येत नाही." मलाही अगदी तसंच वाटत होतं. साहेब वही टेबलावर ठेवून हात धुवायला गेले तेव्हा मी तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढला.

पुढचे चार दिवस, साहेब येण्याच्या आधी, मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन लावले. "भोयर नागपूरवाले दो नहीं, एक मूर्ति आएंगे." प्रत्येक जण विचारायचा, दूसरी मूर्ति का क्या हुआ? मी सांगायचे, "माताजी नहीं रहीं." पलीकडून "नर्मदे हर" यायचं आणि मी नंबरावर फुली मारायची. पहिल्या फोनला माझा आवाज कापला. चौथ्याला नाही कापला. नवव्याच्या वेळी माझ्या दुसऱ्या हातात समोसा होता आणि घास गिळून मी सांगितलं, माताजी नहीं रहीं. एकोणीस ठिकाणी सांगून झालं. एक नंबर काही केल्या लागला नाही, तो सोडून दिला. मोठं काम उरकल्यासारखं मला हलकं वाटलं.

साहेबांना पोचवायला मी बस स्टँडवर गेले. पांढरा सदरा-पायजमा, पाठीवर पिशवी, मनगटावर घड्याळ. सांगावं असं एकदा मनात आलं होतं. पण बस लागली, त्यांनी पिशवी वर ठेवली आणि खिडकीतून म्हणाले, "रोज साडेसातले फोन करीन. तू त्या टायमाले फोनपाशी राहा." मी मान हलवली आणि घरी आले.

जबलपूरला पोचलो; संकल्प झाला, उद्या पहिला मुक्काम; असे एकेका वाक्याचे दोन फोन आले. तिसऱ्या संध्याकाळी बरोबर साडेसातला फोन वाजला.

"वैशाले, इथं एकच ताट वाढलं."

"हो का," मी म्हणाले.

"मी दारात उभा राहून वाट पाहून राहिलो होतो. आता विचारतीन, कितनी मूर्ति. त्यांनी विचारलंच नाही. हात धरून आत नेलं अन् म्हणे, माताजी का सुनके बुरा लगा. त्यांनीच मले सांगतलं."

"साहेब, मी फोन केले होते. सगळीकडे."

"काहून वं?" आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्हाले त्रास होऊ नये म्हणून."

"मी अजून कोणालेच सांगतलं नोहोतं. तुलेही नाही. तिच्या मैयाच्या काठावर जाऊन पयल्यांदा सांगीन, असं ठेवलं होतं. म्हणून तर आकडा खोडला नाही. चौदा किलोमीटर घोकत आलो वैशाले, एक मूर्ति, एक मूर्ति. अन् इथं आलो तं सगळ्याइले आधीच माहीत."

मला त्या क्षणी जिन्यातला तो समोसा आठवला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की फोन ठेवून द्यावासा वाटला. जे वाक्य या माणसानं अडीच महिने जपून ठेवलं होतं, ते मी एकोणीस वेळा वापरून टाकलं होतं.

"किती ठिकानी सांगतलं?" त्यांनी विचारलं. टाइम ऑफिसात चूक सापडली की विचारायचे त्याच सुरात.

"एकोणीस."

"अन् विसावं?"

"तो फोन लागला नाही."

"कोणतं ते?"

"अकरावं."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर रोज साडेसातला फोन यायचा आणि एका मिनिटात संपायचा. सोळा किलोमीटर, पाय ठीक. अठरा किलोमीटर, दाढ दुखली. पुढच्या प्रत्येक ठिकाणी लोक त्यांना दारातच धरून आत नेत होते, नको तेवढ्या मायेनं. विचारत कोणीच नव्हतं. चौथ्या दिवशी मी म्हणाले, साहेब, माझं चुकलं. "राहू दे ते," म्हणाले. "आज पानी चांगलं होतं." दिवस मीही मोजत होते. ऑफिसात काम करताना, भाजी निवडताना, मनात एकच चालू असायचं, की त्या अकराव्या ठिकाणी कोणी अगोदर जाऊन सांगू नये, मागून येणाऱ्या-पुढे जाणाऱ्या परिक्रमावासींकडून बातमी पोचू नये.

अकराव्या मुक्कामाच्या संध्याकाळी साडेसात वाजले आणि फोन आला नाही. भोयर साहेबांना उशीर झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. आठला दहा कमी असताना वाजला.

"विचारलं," ते म्हणाले.

"मग?"

"सांगतलं."

एरवी एवढं झालं की ते फोन ठेवायचे. ठेवला नाही. मला आधी वाटलं रेंज गेली. मग ऐकू आलं. साहेब रडत होते, मोठ्यानं, सगळा आवाज सोडून, आणि मागून कोणीतरी "बैठो बाबा, बैठो" म्हणत होतं. मी ओट्याला टेकून खाली फरशीवर बसले, फोन कानाशी धरला, आणि त्यांच्या वतीनं एक शब्दही बोलले नाही.