पाचाचे चार होत नाहीत

पहिल्या वेळी दर्शना नापास झाली ते वाडीत कुणाला कळलं नाही. सासूला, येसूबाईंना, मात्र न सांगता कळलं. महाडहून परतलेली सून हातपाय न धुता थेट मागच्या दारी गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली.

"किती कमी पडलं?" येसूबाईंनी आतूनच विचारलं.

"छत्तीस."

"मग पुन्हा बसायचं."

पोलादपूरच्या वर डोंगराच्या कुशीत वीस-बावीस उंबऱ्यांची ही वाडी. दर्शनाचा नवरा साहिल महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. दर्शना पुण्याच्या एका कंपनीचं काम पडवीत बसून करते. त्या कंपनीचं सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर चालत नाही. ते ठिकठिकाणच्या अनेक कॉम्प्युटरवर वाटलेलं असतं, आणि त्या सगळ्यांचं एकमत टिकवायचं हे तिचं काम. कंपनीने आता नवा नियम केला होता. या विषयाची प्रमाणपत्राची परीक्षा दिवाळीपर्यंत जो पास होईल त्याने घरून काम करावं, बाकीच्यांनी पुण्याला यावं. तिच्या वरिष्ठ अनुपमा मॅडमनी फोनवर हे गोड शब्दांत सांगितलं, पण सांगितलंच.

पुण्याला जायचं म्हणजे येसूबाईंना एकटं टाकायचं. त्यांचे गुडघे असे झालेले, की उंबरा ओलांडताना चौकट धरावी लागे. साहिलच्या पाळीचा भरवसा नाही. यातलं कुणी कुणाला बोलून दाखवत नव्हतं. येसूबाई सकाळी देव्हाऱ्यातल्या ग्रामदेवी काळकाईपुढे दिवा लावताना नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ उभ्या राहत, एवढंच.

दुपारची जेवणं झाली की दर्शना पडवीत मोठ्याने वाचत बसे. शाळेपासूनची सवय, कानावर पडल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नसे. शेजारी येसूबाई सुपात कुळीथ निवडत. सराव-परीक्षेत एकच प्रश्न रूप बदलून येई आणि दर्शना दर वेळी त्याच जागी ठेच खाई.

"पाच मशिनी आहेत," ती पुटपुटली. "दोन बंद पडल्या. उरलेल्या तिघींतली एक तुटून वेगळी पडली. दोघी एकमेकींशी बोलू शकतात. मग त्या दोघींनी निर्णय घ्यायचा की नाही? तिघींत दोघी म्हणजे बहुमत. घ्यायचा. तरी हे म्हणतात चूक."

येसूबाईंनी सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "मशिनी म्हंजे मानकरीच ना गो?"

दर्शना हसली. "तसंच समजा, आई."

"मग तुला शिमग्याचं ठाव नाय? तुझं तवा लगीन व्हायचं व्हतं."

ती गोष्ट दर्शनाने तुकड्यातुकड्यांत ऐकली होती, आज सबंध ऐकली. पालखी वाडीत कधी फिरवायची हे पाच मानकऱ्यांची घरं ठरवतात. तीन घरं इथे, दोन मुंबईला. त्या वर्षी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि आठ दिवस फोन मुके झाले. इथल्यांनी मंगळवार धरला. मुंबईच्या मंडळाने आपली बैठक घेऊन शुक्रवार धरला, गाड्याही ठरवल्या. शुक्रवारी दोन बसभर चाकरमानी उतरले तेव्हा पालखी वाडीत फिरून पुन्हा देवळात बसलीसुद्धा होती. येसूबाईंचा धाकटा मुलगा रितेश दीड महिन्याचं बाळ घेऊन आला होता, पालखीखालून काढायला. तसंच घेऊन गेला.

"बाय, त्या दिशी भावाभावांत जे बोलनं झालं ते देवीनं ऐकलं नसंल तर बरं," येसूबाई म्हणाल्या. "तवापासनं कायदा केला. पाचांतल्या तिघांचा शब्द एक झाला तरच तारीख. ज्या बाजूला तिघं नायत, त्यानी गप बसायचं."

"ते मला कळतं, आई. पण दोघं हयातच नसले तर? उरलेल्या तिघांतलेच मोजायचे ना?"

"पुढच्याच सालाला गोमाजी भावोजींच्या घरात सुतक पडलं. सुतकातल्या घराचा शब्द धरत नाय. उरलं चार. त्यात इथलं दोन आनी मुंबईचं दोन, आनी फोन पुन्हा बंद. इथं पोरं म्हनायला लागली, चारांतलं दोन म्हंजे निम्मं झालं, उचला पालखी. तर भावोजी सुतकातनं दारात उभं राहून वरडलं, सुतक पडलं म्हनून पाचाचं चार होत नायत. घर हाय तितं हाय. तीनच लागतील."

"मग?"

"मग काय. पालखी बसून राह्यली. सुतक फिटलं, मग तिसरा शब्द मिळाला. आठ दिस उशीर झाला, पन पालखी एकच निघाली."

दर्शनाने वही पुढे ओढली. ती नेहमी जिवंत मशिनींतच बहुमत शोधत आली होती. बंद पडलेली मशीन मोजणीतून जात नाही. कारण ती बंदच आहे की पलीकडे कुणाशी बोलते आहे, हे इथून कळणार कसं?

"आई, तुम्ही पुण्याला असता तर मॅडमच झाल्या असता."

"मला कोन नेतंय पुन्याला," येसूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा कुळीथ निवडू लागल्या.

परीक्षेच्या दिवशी साहिलने तिला मोटारसायकलवरून महाडला सोडलं. चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या आत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये केंद्र होतं. एकेचाळिसावा प्रश्न आला. सात मशिनी, तीन बंद, उरलेल्या चारांत तीन एका बाजूला, एक एकटी. निर्णयाची नोंद कोण करील? चार उत्तरं होती. तीन उत्तरांत कुणी ना कुणी काम पुढे नेत होतं. चौथं होतं, कुणीच नाही. तिचं बोट तिघींवर गेलं. काम थांबलेलं तिला बघवत नसे. मग तिला देवळात बसून राहिलेली पालखी आठवली. सातांचं बहुमत चार. तिने चौथ्यावर टिचकी मारली.

पास व्हायला सातशे वीस गुण हवे होते, सातशे एकतीस मिळाले. ती घरी आली, हातपाय धुतले, काळकाईपुढे गूळ ठेवला आणि कपाळ टेकलं. येसूबाई सूप घेऊन पडवीतच होत्या.

"म्हंजे आता जायाचं नाय?"

"नाही, आई."

येसूबाईंनी मान हलवली. सूप थोडं पुढे सरकवून तिला बसायला जागा केली. "मग घे हातात. माझ्या डोळ्याला आता खडं दिसत नाय."